प्रतिमांची प्रकाशीय घडी : आकुंचन, एकत्रीकरण आणि गुप्तता

छायाचित्र पाठवणे ही आज इतकी सहज क्रिया झाली आहे, की त्यामागे माहितीचा केवढा डोंगर हलवावा लागतो याची जाणीवही होत नाही. एक कोटी बिंदूंच्या रंगीत छायाचित्रात प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगाची तीव्रता प्रत्येकी एक बाइट खर्चून नोंदवली, तर ते एकच छायाचित्र तीन कोटी बाइटचे होते. चलत्‌चित्राचा हिशेब तर याहून दांडगा आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंची एक चौकट आणि सेकंदाला अशा २५ चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट वाहून न्यावे लागतात. सर्वसाधारण तारांना वा रेडिओलहरींना हा भार सर्वकाळ जसाच्या तसा वाहून नेणे परवडत नाही. म्हणूनच प्रतिमा पाठवण्याआधी तिची घडी घालावी लागते.

ही घडी सामान्यतः संगणक घालतो. मात्र गेल्या सहा-सात दशकांत संशोधकांच्या एका वर्गाने निराळाच प्रश्न विचारला. प्रतिमा ही मुळात प्रकाशाचीच असते; मग तिचे आकुंचन, अनेक प्रतिमांचे एकत्रीकरण आणि त्यांचे गोपन हे काम खुद्द प्रकाशाकडूनच का करवून घेऊ नये? या प्रश्नातून जन्मलेल्या पद्धतींना 'प्रकाशीय प्रतिमा-प्रक्रिया' असे म्हणतात. त्यांचा इतिहास यशाचा आहे, तसाच अपेक्षाभंगाचाही आहे.

संगणकाची रीत

प्रकाशीय पद्धतीचे वेगळेपण समजण्यासाठी आधी संगणकाची रीत पाहायला हवी. सर्वाधिक वापरात असलेल्या 'जेपीईजी' या मानकाचा पाया 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या गणिती रूपांतरावर उभा आहे. बंगळुरात जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन करणारे नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये जेपीईजी मानकाने ते स्वीकारले.

या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे लहान चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात संथ बदल किती आणि झपाट्याने होणारे बदल किती, याची मोजदाद केली जाते. निळ्या आकाशाच्या तुकड्यात बदल संथ असतो, तर साडीच्या जरीकाठात तो झपाट्याचा. माणसाच्या डोळ्याला फार बारीक बदलांतील फरक चटकन कळत नाही. साहजिकच ते बदल ढोबळपणे नोंदवले किंवा गाळून टाकले, तरी पाहणाऱ्याला चित्र बिघडल्यासारखे वाटत नाही. चित्राचे संथ आणि वेगवान बदलांत पृथक्करण करायचे व त्यातले अनावश्यक ते सोडून द्यायचे, हे आकुंचनाचे मर्म होय. नेमके हेच पृथक्करण काचेचे एक साधे भिंग कोणतीही आकडेमोड न करता करते.

भिंगाचे गणित

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फुरिए यांनी उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना एक मूलभूत कल्पना मांडली. त्यांचा त्यावरील ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणताही गुंतागुंतीचा बदल अनेक साध्या तरंगांच्या बेरजेतून उभा करता येतो, अशी ती कल्पना. चित्रालाही ती लागू पडते. चित्र म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या आणि वेगवेगळ्या दाटीच्या पट्ट्यांची बेरीज. कोणत्या पट्ट्या किती प्रमाणात आहेत हे सांगणाऱ्या आलेखाला त्या चित्राचा वारंवारतापट म्हणता येईल.

पारदर्शक फिल्मवरील चित्र बहिर्वक्र भिंगाच्या एका नाभीप्रतलावर ठेवून त्यातून लेझरचा समांतर झोत सोडला, तर भिंगाच्या दुसऱ्या नाभीप्रतलावर चित्र दिसत नाही. तेथे त्या चित्राचा वारंवारतापट उमटतो. संथ बदलांचा प्रकाश मध्यभागी गोळा होतो आणि बारीक तपशिलांचा प्रकाश कडेला पसरतो. तेथून पुढे दुसरे भिंग ठेवले, की मूळ चित्र उलट्या अवस्थेत पुन्हा साकार होते. दोन भिंगांच्या या मांडणीची लांबी नाभीय अंतराच्या चौपट असल्याने तिला '४-एफ' रचना म्हणतात. भिंगांचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर असेल, तर ८० सेंटिमीटरची ही वाट प्रकाश तीन नॅनोसेकंदांहून कमी वेळात कापतो. चित्रात हजार बिंदू असोत वा एक कोटी, या वेळेत फरक पडत नाही. कारण सर्व बिंदूंवरील प्रक्रिया एकाच वेळी होते. प्रकाशीय पद्धतींचे सारे आकर्षण या एका गोष्टीत साठलेले आहे.

या कल्पनेची मुळे लेझरच्याही आधीची आहेत. जर्मनीतील येना येथे अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमेचे असेच स्पष्टीकरण दिले होते. अल्बर्ट पोर्टर यांनी १९०६ मध्ये तारेच्या जाळीवर केलेला प्रयोग आजही भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना करायला लावतात. नाभीप्रतलावर आडवी फट ठेवून ठिपक्यांची केवळ आडवी रांग पुढे जाऊ दिली, तर अंतिम प्रतिमेत जाळीच्या फक्त उभ्या तारा दिसतात. आडव्या तारा समोर असूनही नाहीशा होतात. वारंवारतापटात हात घालून चित्र बदलता येते, याचा हा ढळढळीत पुरावा होता.

रडारची फिल्म

प्रकाशाकडून गणित करवून घेण्याचे पहिले मोठे काम रडारच्या क्षेत्रात झाले. विमानाच्या किंवा उपग्रहाच्या गतीचा उपयोग करून लहान अँटेनाकडून प्रचंड अँटेनाचे काम करवून घेणारे 'सिंथेटिक ॲपर्चर रडार' १९५० च्या दशकात विकसित होत होते. त्याने गोळा केलेल्या संकेतांतून नकाशा उभा करायचा तर अफाट आकडेमोड हवी, आणि ती करणारे संगणक तेव्हा अस्तित्वात नव्हते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेत लुई कुट्रोना, एमेट लीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रकाशीय तोडगा काढला. रडारचे संकेत छायाचित्रणाच्या फिल्मवर नोंदवायचे, फिल्ममधून सुसंगत प्रकाश सोडायचा आणि भिंगांच्या मालिकेतून भूभागाची प्रतिमा थेट दुसऱ्या फिल्मवर मिळवायची, असा तो मार्ग होता.

याच कामातून लीथ होलोग्राफीकडे वळले. डेनिस गॅबर यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या होलोग्राफीला त्यांनी ज्युरिस उपाटनिक्स यांच्यासह १९६० च्या दशकाच्या आरंभी लेझरच्या साह्याने नवे रूप दिले. 'नासा'ने १९७८ मध्ये सोडलेल्या सीसॅट या उपग्रहाच्या रडारच्या माहितीवरही मोठ्या प्रमाणात प्रकाशीय प्रक्रियाच करण्यात आली. पुढे संगणक वेगवान व स्वस्त झाले आणि हे काम त्यांच्याकडे गेले. प्रकाशीय यंत्रणेची अचूकता मर्यादित होती, फिल्म धुण्यात वेळ जाई आणि गणित बदलायचे तर भिंगेच हलवावी लागत. संगणकात तेवढ्यासाठी आज्ञावली बदलणे पुरेसे होते.

कला अधिक मोलाची

प्रतिमेचे आकुंचन प्रकाशाकडून करवून घेताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा कळीचा प्रश्न असतो. नाभीप्रतलावर गोल छिद्र ठेवून मधला भाग पुढे जाऊ दिला, की बारीक तपशील गळून पडतात आणि चित्राचा मुख्य आकार उरतो. आकुंचनाचा हा सर्वांत ढोबळ प्रकार होय. तथापि वारंवारतापटाच्या प्रत्येक बिंदूवर दोन गोष्टी असतात. तेथे प्रकाश किती तीव्र आहे हे सांगणारा 'आयाम' ही एक, आणि तेथील तरंग चढणीवर आहे की उतरणीवर हे सांगणारी 'कला' ही दुसरी.

यातली अधिक मोलाची कोणती? ॲलन ओपेनहाइम व जे लिम यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या निबंधात याचे उत्तर मिळते. दोन चित्रांचे वारंवारतापट घेऊन एकाचा आयाम व दुसऱ्याची कला एकत्र केली, तर निर्माण होणारे चित्र ज्याची कला घेतली त्याच्यासारखेच दिसते. कडा कोठे आहेत, नाक कोठे आणि डोळे कोठे, ही सारी ओळख कलेत दडलेली असते. डोळा किंवा कॅमेऱ्याचा संवेदक मात्र केवळ तीव्रता टिपतो. कला त्याला दिसत नाही. कला टिपण्यासाठी व्यतिकरणाचा म्हणजे होलोग्राफीचा आधार घ्यावा लागतो. जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तीच मोजायला सर्वांत अवघड, ही या क्षेत्राची पहिली अडचण आहे.

अनेक चित्रे, एकच पट

एकत्रीकरणाची कल्पना अशी : बहुतेक चित्रांच्या वारंवारतापटात बरीच जागा जवळपास रिकामी असते. मग एका चित्राच्या रिकाम्या जागेत दुसऱ्या चित्राचा ऐवज का ठेवू नये? फ्रान्समधील ब्रेस्ट येथील आयमन अल्फालू व क्रिस्टियान ब्रोसो यांनी २००९ मध्ये अशा पद्धतींचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यातील एका मार्गात पटावरील प्रत्येक बिंदूपाशी सर्व चित्रांची जणू स्पर्धा लावली जाते. ज्या चित्राची ऊर्जा त्या बिंदूवर तुलनेने अधिक, त्याला ती जागा मिळते. इतरांचा तेथील अंश सोडून दिला जातो. सर्व चित्रांची ऊर्जा मध्यभागीच एकवटत असल्याने तेथे गर्दी होते. ती टाळण्यासाठी त्यांचे पट एकमेकांपासून थोडे सरकवून ठेवतात.

पलीकडच्या टोकाला ही चित्रे पुन्हा सुटी कशी करायची? त्यासाठी प्रत्येक चित्राच्या पटाला कलेचा वेगळा उतार दिला जातो. हा उतार लोलकासारखे काम करतो. एकत्रित पट दुसऱ्या भिंगातून गेला, की प्रत्येक चित्र आपापल्या दिशेला वळते आणि पडद्यावर चित्रे शेजारीशेजारी उमटतात.

होलोग्राफीत एकत्रीकरणाचा आणखी एक मार्ग आहे. जाड स्फटिकात एक होलोग्राम नोंदवायचा, मग संदर्भ-झोताचा कोन किंचित बदलून त्याच जागी दुसरा नोंदवायचा. वाचताना ज्या कोनातून झोत सोडावा, तेच चित्र जागे होते. १९९३ मध्ये फाय मोक यांनी लिथियम नायोबेटच्या एकाच स्फटिकात अशा रीतीने ५००० होलोग्राम साठवून दाखवले होते.

मात्र भांड्याचे माप ठरलेले असते. पटावरील बिंदूंची संख्या तीच राहून चित्रांची संख्या वाढत गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी बिंदू येतात आणि चित्रे धूसर होत जातात किंवा एकमेकांत मिसळतात. एकत्रीकरण म्हणजे फुकटची जागा नव्हे. रिकाम्या जागेचा तो काटेकोर वापर आहे, इतकेच.

कुलूप लावले, पण...

आकुंचनाबरोबरच गुप्तताही साधावी, हा मोह संशोधकांना होणे स्वाभाविक होते. फिलिप रेफ्रेजिए व बहराम जाविदी यांनी १९९५ मध्ये 'दुहेरी यादृच्छिक कला' ही पद्धत मांडली. तिची रचना सोपी आहे. चित्राला लागून प्रकाशाची कला वेडीवाकडी करणारा एक पारदर्शक पडदा ठेवायचा. नाभीप्रतलावर तसाच दुसरा ठेवायचा. दुसऱ्या भिंगातून जे बाहेर पडते, ते पाहणाऱ्याला वाळूच्या कणांसारखा निव्वळ गोंगाट वाटते. दुसऱ्या पडद्याचा नेमका व्यत्यास ज्याच्याकडे असेल त्यालाच मूळ चित्र मिळते. पडद्यावर लक्षावधी बिंदू असल्याने अंदाजाने किल्ली शोधणे अशक्य वाटत होते. साहजिकच या पद्धतीवर आधारित शोधनिबंधांचा अक्षरशः पूर आला.

पण कुलपाची खरी परीक्षा किल्ल्यांच्या संख्येवर होत नाही. बार्सिलोना येथील आर्तुरो कार्निसेर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की हल्लेखोराने स्वतः निवडलेले काही सांकेतिक नमुने उलगडून घेण्याची संधी साधली, तर या पद्धतीची किल्ली हाती लागू शकते. पुढच्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी मूळ चित्र व त्याचे सांकेतिक रूप यांची जोडी हाती असली तरी किल्ली शोधता येते, हे सिद्ध केले. याचे कारण पद्धतीच्या गाभ्यातच होते. भिंगे आणि पडदे यांची ही रचना गणिताच्या भाषेत 'रेषीय' आहे. दोन चित्रांची बेरीज आत गेली, तर बाहेरही त्यांच्या गोंगाटांची बेरीजच येते. चांगल्या संकेतपद्धतीत असे सरळ नाते राहता कामा नये. यंत्रणेचा आराखडा शत्रूला माहीत आहे असे धरूनच तिची पारख करावी, हा ऑगस्ट केर्खोफ्स यांचा १८८३ मधील दंडक येथे प्रकाशालाही चुकला नाही.

आकुंचन आणि गोपन यांचे आपसांतही पटत नाही. आकुंचन हे चित्रातील पुनरुक्तीवर जगते. शेजारचा बिंदू बहुधा सारखाच असतो, म्हणून तो वेगळा सांगावा लागत नाही. गोपनाचे काम मात्र ही पुनरुक्ती पुसून टाकण्याचे असते. आधी चित्र गोंगाटात बदलले, तर त्याची घडी नीट पडत नाही. आधी घडी घातली आणि मग कुलूप लावले, तर वाटेतील थोड्याशा बिघाडानेही उलगडताना मोठा भाग हातचा जाऊ शकतो. म्हणूनच ब्रेस्टच्या गटासह अनेकांनी दोन्ही कामे एकाच टप्प्यात करण्यावर भर दिला. तरीही ज्या माहितीचे मोल मोठे आहे, तेथे निव्वळ प्रकाशीय कुलपावर विसंबून न राहता सिद्ध झालेल्या संगणकीय संकेतपद्धतीची जोड देणे हेच शहाणपणाचे ठरते.

जमाखर्चाची दुसरी बाजू

प्रकाशीय आकुंचनाचे दावे तपासताना काही खर्च लक्षात घ्यावे लागतात. वारंवारतापटाच्या प्रत्येक बिंदूसाठी आयाम व कला असे दोन आकडे पाठवावे लागतात. साध्या चित्राच्या पटाचे दोन अर्धे एकमेकांची प्रतिबिंबे असल्याने अर्धाच पट पुरतो; पण यादृच्छिक पडदा लावला की ही सवलत संपते. होलोग्रामच्या अंकीय फायलींची घडी नेहमीच्या पद्धतींनी नीट पडत नाही, असाही अनुभव आहे. त्यात शेजारच्या बिंदूंचे साम्य जवळजवळ नसते. होलोग्रामसाठी वेगळी मानके तयार करण्याचे काम जेपीईजी समितीला 'जेपीईजी प्लेनो' या उपक्रमात हाती घ्यावे लागले, ते यामुळेच.

दुसरा खर्च वेळेचा. भिंगातून प्रकाश नॅनोसेकंदांत जातो हे खरे, पण चित्र प्रकाशात चढवणे आणि निकाल पुन्हा विजेत उतरवणे ही कामे इलेक्ट्रॉनिक आहेत. चित्र चढवणारे द्रवस्फटिकाचे पडदे सामान्यतः सेकंदाला काही दहा ते काही शे चौकटीच बदलू शकतात. महामार्ग कितीही रुंद असला, तरी टोलनाक्यावर रांग लागतेच. तसा हा प्रकार आहे.

टिपतानाच घडी

या अनुभवातून संशोधनाची दिशा बदलली. चित्र टिपून झाल्यावर त्याची घडी घालण्यापेक्षा ते टिपतानाच प्रकाशाने घडी घालावी, हा विचार पुढे आला. डेव्हिड डोनोहो, इमॅन्युएल कँडेस, जस्टिन रॉम्बर्ग आणि टेरेन्स टाओ यांनी २००६ च्या सुमारास 'कॉम्प्रेस्ड सेन्सिंग'चे गणित मांडले. चित्र मुळात आकुंचनक्षम असेल, तर सर्व बिंदू मोजण्याची गरज नाही. नीट निवडलेली थोडी मिश्र मोजमापे पुरतात, हे त्याचे सार.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाने त्याच सुमारास एकाच संवेदकाचा कॅमेरा बनवून हे प्रत्यक्षात दाखवले. चित्राचा प्रकाश हजारो सूक्ष्म आरशांवर पडतो. आरशांची मांडणी दर वेळी बदलते आणि संवेदक केवळ एकूण प्रकाश मोजतो. अशा मोजमापांतून संगणक चित्र उभे करतो. दृश्य प्रकाशात याची निकड नाही, कारण तेथे संवेदक स्वस्त आहेत. अवरक्त प्रकाशात मात्र एकेका संवेदकाची किंमत मोठी असल्याने ही युक्ती मोलाची ठरते. २०१४ मध्ये सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लिहाँग वांग यांच्या गटाने अनेक क्षणांच्या प्रतिमा सांकेतिक पडद्याच्या साह्याने एकाच टिपणात एकत्र केल्या. पुढे गणिताने त्या सुट्या करून सेकंदाला १०० अब्ज चौकटींचा वेग गाठला. एवढ्या वेगात प्रकाशाच्या स्पंदाचा प्रवासही दिसतो.

याच कुळातील एक उपकरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' वेधशाळेवरील 'सीझेडटीआय' हा क्ष-किरण कॅमेरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला. त्याच्या माहितीवरील प्रक्रियेचे केंद्र पुण्याच्या 'आयुका'त आहे. उच्च ऊर्जेचे क्ष-किरण भिंगाने एकवटता येत नाहीत. म्हणून तेथे छिद्रांच्या ठरावीक नक्षीचा धातूचा मुखवटा बसवला आहे. आकाशातील प्रत्येक स्रोत त्या नक्षीची सावली पाडतो. एकमेकींवर पडलेल्या या सावल्यांतून स्रोतांच्या जागा गणिताने वेगळ्या केल्या जातात. आधी मिसळणे आणि मग उलगडणे, हे तत्त्व येथे रोजच्या वापरात आले.

काय गळाले, हे कोण ठरवणार?

प्रकाश संगणकाची जागा घेईल, ही १९६० च्या दशकातील अपेक्षा पूर्ण झाली नाही. प्रकाशाने टिपतानाच काही भार हलका करावा आणि उरलेले काम गणिताने करावे, ही वाटणी आता स्थिरावत आहे. पण तिच्यासोबत एक जबाबदारीही येते. पूर्वी मूळ चित्र साठवलेले असे आणि घडी घातलेली प्रत पाठवली जाई; शंका आल्यास मूळ पाहता येत होते. टिपतानाच घडी घातली, तर मूळ चित्र असे काही उरतच नाही. क्ष-किरण तपासणीतील बारीकशी चीर, उपग्रहचित्रातील पुराच्या पाण्याची कड किंवा न्यायालयापुढील पुराव्यातील एखादा चेहरा पडद्यावर दिसला नाही, तर तो नव्हताच की गणिताने अनावश्यक ठरवला, हे नंतर सांगता येणार नाही.

म्हणून अशा उपकरणांचा वापर वाढताना चित्राच्या स्पष्टतेइतकीच दुसरी एक नोंदही महत्त्वाची ठरेल. कोणत्या मोजमापांतून आणि कोणत्या गृहीतकांवर हे चित्र उभे राहिले, ही ती नोंद. घडी कशी घातली हे ठाऊक असेल, तरच ती विश्वासाने उलगडता येते.